आठवड्याच्या गोळीचं कूळ

जालना जिल्ह्यातलं बदनापूर काय नि भोकरदन काय, सोरायसिसचा माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी मेडिकलवर जाऊन नायट्याची ट्यूब मागतो. कोपरावर, गुडघ्यावर लालसर चट्टा उठलेला असतो, त्यावर चंदेरी खवले असतात आणि खाजवलं की कोंडा गळतो. घरचे म्हणतात, गजकर्ण झालं. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत जोरदार स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यामुळे चट्टा आधी उतरतो आणि ट्यूब सुटली की पहिल्यापेक्षा जास्त पसरतो. सोरायसिसला नायटा समजण्याची ही चूक फार जुनी आहे. या आजाराचं एक महत्त्वाचं औषध तर तिच्यातूनच सापडलं, आणि त्याला नाव होतं गोव्याचं.

ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचं झाड आहे. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांत पिवळसर भुकटी साचते. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती गोव्यात आली आणि तिथून ‘गोवा पावडर’ म्हणून नायट्यावरचं औषध बनून सगळीकडे गेली. ती मुळात बाहियाची, हे 1875च्या सुमारास उलगडलं. त्याच काळात लंडनच्या डॉ. बाल्मॅनो स्क्वायर यांच्या पाहण्यात एक रुग्ण आला. नायटा समजून तो ही पावडर लावत होता. प्रत्यक्षात त्याला सोरायसिस होता, आणि चट्टे निवळत होते. स्क्वायर यांनी 1878 साली या उपचारावर पुस्तकच लिहिलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाला, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी पावडरीतल्या द्रव्यासारखं कृत्रिम औषध बनवलं, आणि 1916पासून ते सोरायसिसवर वापरात आलं. तेच आजचं डिथ्रेनॉल मलम. ते कातडी जाळतं, कपड्यांवर न निघणारे डाग पाडतं. अंगभर पसरलेल्या आजाराला असं मलम रोज कुठवर पुरणार?

त्यासाठी पोटात घ्यायचं औषध हवं होतं. त्या औषधाचं मूळ मुंबईत, गिरणगावातल्या बायांच्या रक्तात सापडतं.

1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. विल्स यांनी हाफकिन संस्थेत राहून यावर काम केलं आणि सहकारी तळपदे यांच्या सोबतीने मुंबईतल्या बायांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे मार्माइट, दिला की रक्त भरून येतं, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केलं. अर्कात काहीतरी होतं, पण ते काय हे कळायला दहा वर्षं गेली. 1941 साली पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. डाळींतही ते भरपूर असतं. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने ‘बीडीएन 711’सारखे तुरीचे वाण दिले. त्या वाणाच्या वरणातही तेच जीवनसत्त्व आहे.

पुढचं काम अमेरिकेतल्या लेडरले कंपनीत झालं. तिथे संशोधनाचे प्रमुख होते भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या चमूने 1945 साली फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केलं आणि मग त्याची हुबेहूब दिसणारी पण उलटं काम करणारी रूपं घडवली. पेशी त्यांना फॉलिक ॲसिड समजून घेते आणि तिची वाढ खुंटते. त्यांपैकी अमिनोप्टेरिन बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिलं आणि 1948 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. 1951 साली गुबनर आणि त्यांचे सहकारी हेच औषध संधिवातावर देत होते, तेव्हा एका रुग्णाचा सोरायसिसही निवळताना त्यांनी पाहिला. अमिनोप्टेरिनपेक्षा कमी त्रासदायक असा त्याचा भाऊ म्हणजे मेथोट्रेक्सेट. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याला सोरायसिससाठी मान्यता मिळाली.

निरोगी कातडी साधारण महिन्याभरात नवी होते, सोरायसिसमध्ये ते काही दिवसांतच उरकतं आणि अर्धवट पेशी खवल्यांच्या रूपाने गळतात. ही घाई शरीराच्याच बिथरलेल्या संरक्षक पेशी लावतात. कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट मुख्यतः त्या पेशींना शांत करतं. आजार मुळातून जात नाही, पण ताब्यात राहतो. तो लागट नाही. जेवणातून, कपड्यातून, स्पर्शातून पसरत नाही. 1841 साली व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी सोरायसिस आणि कुष्ठरोग निरनिराळे आहेत हे स्पष्ट केलं, तरी सोयरीक मोडण्यापर्यंत जाणारी भीती आपल्याकडे अजून आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मेथोट्रेक्सेटची गोळी चांगली असली तरी निष्काळजीपणा तिला चालत नाही. सुरू करण्याआधी रक्त, यकृत, मूत्रपिंड तपासतात, क्षयाची शंका दूर करतात, आणि रक्ततपासणी पुढेही ठरावीक काळाने चालू राहते. दारू बंद. गरोदर बाईने किंवा मूल हवं असणाऱ्या बाईने ती घ्यायची नाही. जोडीला फॉलिक ॲसिडची गोळी देतात, बहुधा वेगळ्या दिवशी, म्हणजे तोंड येणं, मळमळ हा त्रास कमी होतो. मुंबईतल्या त्या बायांना उणं पडलेलं जीवनसत्त्व इथे मेथोट्रेक्सेटचा राखणदार होतं. वरण बंद करायची गरज नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळा आहे. सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच वारी घ्यायचं असतं. रक्तदाबाच्या गोळीसारखं रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि माणूस जातो. असे मृत्यू जगभर झाले आहेत. म्हणून वरुडीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जा, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा किंवा जालन्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे. डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या. तुमच्या आठवडी बाजाराचा वार ठेवला तर विसरणार नाही. तो वार गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने मराठीत लिहून घ्या, आणि बाकीच्या सहा दिवशी त्या पट्टीला हात लावू नका.