ट्रकचं हेड आणि स्पोर्ट्स कार

मी जबलपूरच्या गोरखपूरमधून बोलतोय. नवीन श्रोत्यांसाठी दरवेळी सांगावं लागतं, उत्तर प्रदेशातलं गोरखपूर वेगळं. हे जबलपूर शहरातलं, छावणीच्या जवळचं, इथून ग्वारीघाटाला नर्मदेवर जायला फार वेळ लागत नाही. माझी सगळी नोकरी लष्कराच्या ईएमई शाखेत, म्हणजे गाड्या, रणगाडे, तोफा दुरुस्त करणाऱ्या शाखेत झाली. मागच्या भागात आपण टायरचा इतिहास पाहिला. आज इंजिनाच्या हेडचा, म्हणजे सिलिंडर हेडचा इतिहास सांगणार आहे. त्याला निमित्त घरचंच आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत मिशिगनमध्ये असतो. त्याने 1989 सालची जुनी कॉर्व्हेट घेतली. 5.7 लिटरचं व्ही-8 इंजिन, कारखान्यातून निघताना 240 हॉर्सपॉवर. याला 400 पाहिजेत. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "काका, ताकद हेडमध्ये असते असं सगळे सांगतात. खिशाला परवडतील आणि टिकतील अशी हेड कुठली घेऊ?"

मी म्हटलं, "अरे, हा प्रश्न तुझ्या आधी पुष्कळांना पडलाय. त्यांचं काय झालं ते ऐक, मग पैसे काढ."

तेच आता तुम्हालाही सांगतो.

आधी हेड म्हणजे काय ते थोडक्यात. सिलिंडर म्हणजे पातेलं धरलं तर हेड हे त्याचं झाकण. या झाकणाला तीन कामं आहेत. हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायचा, वरच्या पोकळीत आग नीट पेटू द्यायची, आणि त्या आगीची उष्णता पाण्याच्या वाटेने बाहेर काढायची. पहिली दोन कामं चांगली जमली की हॉर्सपॉवर वाढते. तिसरं जमलं नाही तर ती वाढलेली हॉर्सपॉवर गॅस्केट उडवते, नाहीतर हेडला तडा पाडते.

1932 साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणारी व्ही-8 गाडी काढली. तिच्या इंजिनाला फ्लॅटहेड म्हणतात, कारण व्हॉल्व्ह सगळे खाली ब्लॉकमध्ये आणि वरचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. करायला सोपं आणि स्वस्त. पण तापलेला धूर बाहेर काढायची वाट ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरच्या शेजारून जात असे. धुराची उष्णता पाण्यात उतरे आणि इंजिन तापे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले लष्करी ट्रक लाखोंच्या संख्येने जगभर गेले, त्यात फोर्डच्या ट्रकांना हेच इंजिन होतं. असे ट्रक हिंदुस्थानातही आले, आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेकडे राहिले. आपल्याकडचा उन्हाळा, चढाचा घाट, पाठीवर ओझं आणि पोटातून धूर नेणारं इंजिन. बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभे असलेले ट्रक डोळ्यांसमोर आणायला फार कल्पना लढवावी लागत नाही.

या तापण्यावर न्यूयॉर्कमध्ये झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या इंजिनिअरने उपाय काढला. 1947 च्या सुमारास त्याने आणि त्याच्या भावाने फ्लॅटहेड ब्लॉकवर बसवायची नवी ॲल्युमिनियमची हेड तयार केली. व्हॉल्व्ह वर आणले, पोकळी अर्धगोलाकार केली, धुराची वाट ब्लॉकमधून काढून हेडमधून बाहेर नेली. आर्डन हे त्यांचं नाव. गंमत अशी, की ही हेड मुळात ट्रकसाठी होती. चढावर तापणाऱ्या फोर्ड ट्रकांसाठी. पण किंमत इतकी, की ट्रकवाल्यांना परवडेना. ती घेतली शर्यतवाल्यांनी, तीही मोजक्या संचांत. धंदा काही चालला नाही.

हाच डंटोव्ह 1953 मध्ये जनरल मोटर्समध्ये गेला आणि पुढे कॉर्व्हेटशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. 1955 साली शेव्हरलेने नवं लहान व्ही-8 आणलं. व्हॉल्व्ह वर, रॉकर साध्या पत्र्यातून ठोकून काढलेले, आणि डावीकडचं हेड उजवीकडे बसेल असं एकच ओतीव. आर्डनने जे महागात करून पाहिलं, त्यातलं बरंच इथे स्वस्तात मिळालं. त्यानंतर अनेक दशकं या घराण्याची इंजिनं बनत राहिली, आणि एकाचं हेड दुसऱ्यावर चढवायची सोय राहिली. पुतण्याच्या गाडीतलं इंजिन याच घराण्यातलं.

आता जरा जबलपूरला परत येऊ, कारण हेडबद्दल मला जे कळलं ते इथल्या ट्रकांमुळे.

युद्धातल्या जुन्या गाड्या किती दिवस ओढायच्या, हा प्रश्न पन्नासच्या दशकात फौजेपुढे होता. कृष्ण मेनन संरक्षण मंत्री असताना जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि 1959 मध्ये जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान ट्रक बाहेर पडला. पुढे त्यासाठी वेगळी व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निसानच्या परवान्यावरची जोंगाही जबलपूरचीच. चार लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. जोंगा हे नावच मुळी जबलपूरच्या आयुध आणि गन कॅरेज कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलं. ही इंजिनं शर्यतीची नव्हती. त्यांच्याकडून फौजेचं मागणं एवढंच, की राजस्थानात उकळू नये, लडाखमध्ये सुरू व्हावं, आणि बिघडलं तर पुढच्या वर्कशॉपमध्ये त्याचा माल मिळावा.

माझे थोरले बंधू इथल्याच फाउंड्रीत ओतीव तपासायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले. पुतण्या त्यांचा मुलगा.

आता माझी एक चूक सांगतो. आजवर या मालिकेत सांगितली नव्हती.

तेव्हा मी कॅप्टन होतो, वय 27. डोंगरातल्या एका वर्कशॉपवर होतो. एका ट्रकचं हेड तापून वाकलं होतं. आम्ही फेसिंग करून ते सपाट केलं. व्हॉल्व्ह घासले. जोडायच्या आधी दोन सीटच्या मधे मला केसासारखी रेघ दिसली. कार्बनची असेल, असं मी ठरवलं. खरं तर तपासायला तासभर पुरला असता. पण सकाळी कॉन्व्हॉय निघायचा होता, एक गाडी कमी पडत होती, आणि वरून विचारणा चालली होती. मी सही केली.

खिंडीच्या अलीकडे त्या रेघेतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि इंजिन बंद पडलं. मागून बर्फ सुरू झालं. ड्रायव्हरने रात्र केबिनमध्ये काढली. तो वाचला, पण पायाची दोन बोटं गेली. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा तो मलाच म्हणाला, "साहेब, गाडी आणली का खाली?" चौकशीत माझ्यावर फारसं काही आलं नाही. पण सही माझी होती. म्हणून कोणी मला "हेड चालून जाईल" म्हटलं, की मी हट्टाला पेटतो.

तर पुतण्याकडे वळू. त्याच्यासमोर तीन वाटा होत्या, आणि तिन्हींना इतिहास आहे.

पहिली वाट महागड्या हेडची. कॉर्व्हेटनेच ती 1990 मध्ये चोखाळली. झेडआर-1 नावाची गाडी आली. इंजिनाची रचना इंग्लंडच्या लोटसने केली, एकेका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, 375 हॉर्सपॉवर. किंमत साध्या कॉर्व्हेटच्या जवळजवळ दुप्पट. 1992 मध्ये त्याच कंपनीने साध्या कॉर्व्हेटला एलटी-1 इंजिन दिलं. व्हॉल्व्ह दोनच. पण थंड पाणी आधी हेडला आणि मग ब्लॉकला, असा उलटा प्रवाह केला. त्यामुळे हेड थंड राहिलं, कॉम्प्रेशन वाढवता आलं, आणि 300 हॉर्सपॉवर निघाली. झेडआर-1 पुढे 405 वर गेली, तरी 1995 पर्यंत एकूण 6,939 गाड्या बनून ती थांबली. इंजिन उत्तमच होतं, यात वाद नाही. पण पाण्याची वाट बदलून एवढं मिळतंय म्हटल्यावर दुप्पट पैसे मोजणारे थोडे उरले.

चार व्हॉल्व्ह वाईट असं मात्र मी म्हणत नाही. आपली फौजेतली जिप्सी आठवा. 1.3 लिटरचं इंजिन, आठ व्हॉल्व्हवर साधारण 60 हॉर्सपॉवर. 2000 साली त्याच मापाच्या इंजिनाला सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि इंजेक्शन आलं, आणि 80 झाली. पण ते कारखान्याने स्वस्तात, हजारोंनी केलं. त्याचं गॅस्केट आणि व्हॉल्व्ह गावोगाव मिळत होते.

दुसरी वाट पुतण्याला फार आवडली होती. 1996 मध्ये शेव्हरलेने आपल्या पिकअप ट्रकांसाठी व्होर्टेक नावाची हेड काढली. बिडाची, दिसायला ओबडधोबड, पण हवेच्या वाटा फार चांगल्या. भंगारातल्या ट्रकची हेड काढून स्पोर्ट्स कारवर चढवायची, ही तिकडची जुनी युक्ती आहे. पुतण्याने अशी एक जोडी एका माणसाकडून घेऊनही ठेवली होती. ट्रकची हेड म्हटल्यावर मीही खूश झालो. पण मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली.

त्याच्या जुन्या ॲल्युमिनियम हेडची पोकळी 58 सीसी. व्होर्टेकची 64. पोकळी मोठी झाली की कॉम्प्रेशन उतरतं, म्हणजे हवेत कमावलेलं थोडं इथे गेलं. इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट वेगळ्या जागी, म्हणजे मॅनिफोल्डचा खालचा भाग नवा. जास्त उचल देणारा कॅम घालायचा तर व्हॉल्व्ह गाईडवर मशीनचं काम. शिवाय पुढच्या चाकांवर बिडाचं जादा वजन. बेरीज केली तेव्हा स्वस्त हेड तितकं स्वस्त राहिलं नाही.

मग मी विचारलं, "हेडला तडा नाही ना, बघितलंस?"

"विकणारा म्हणाला, चांगली आहेत."

"घासलेट आण. आणि खडू."

तो क्षणभर गप्प झाला. "बाबांची टेस्ट?"

दादांची पद्धत तुम्हालाही सांगून ठेवतो. हेड धुऊन कोरडं करायचं. सीटच्या मधे आणि आतल्या पोकळीत घासलेट लावून तासभर ठेवायचं. मग वरून अगदी कोरडं पुसायचं आणि खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आत शिरलेलं घासलेट हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीत काळपट रेघ उमटते. बीड असो की ॲल्युमिनियम, दोन्हीला चालते. हिने सगळेच दोष सापडतात असं नाही, पाण्याच्या दाबाची तपासणी चांगल्या मशीन शॉपमध्ये करून घ्यावीच. पण पैसे देण्याआधी अंगणात करता येते.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा हेडवर धरला. पहिलं स्वच्छ होतं. दुसऱ्यात दोन सीटच्या मधे रेघ. मला ती रेघ ओळखीची वाटली. मी म्हटलं, "ठेव बाजूला." त्याने वाद घातला नाही.

शेवटी त्याने तिसरी वाट धरली. नवी, मधल्या दर्जाची ॲल्युमिनियम हेड. पोकळी 58 सीसीच, मॅनिफोल्ड जुनाच बसणारा. दुकानदार मोठ्या वाटांची हेड घे म्हणत होता. मी नको म्हटलं. वाट मोठी म्हणजे हवा जास्त, हे फक्त इंजिन खूप वेगाने फिरत असताना खरं. रस्त्यावरच्या वेगाला मोठ्या वाटेत हवा रेंगाळते, पेट्रोल नीट मिसळत नाही आणि गाडी उचलत नाही. आणि त्याच्या गाडीचा लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड तसाही वरच्या वेगाला दम सोडतो. मग नुसतं हेड मोठं करून काय उपयोग? उरलेल्या पैशांत त्याने नवे बोल्ट, चांगलं गॅस्केट आणि मोठा रेडिएटर घेतला. बोल्ट पुस्तकात दिलेल्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण बरीच हेड इथेच वाकतात.

400 काही भरली नाहीत. डायनोवर 340 आली. थोडा हिरमुसला, मला आवाजावरून कळलं.

मग एकदा भर उन्हाळ्यात त्याने गाडी चालवून आल्यावर फोन केला. आठ वर्षांची नात शेजारी बसलेली. मला वाटलं, आता वेग सांगेल. त्याने कॅमेरा पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर धरला. तासभर रहदारीत उभं राहूनही काटा मधोमध.

"काका, बाबांना दाखवायला हवा होता," एवढंच म्हणाला.

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी जोंगा जुळवत असेल, जिप्सी रॅलीला नेत असेल किंवा परदेशात मोठी गाडी उभी करत असेल, त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. हेडची किंमत विचाराल तेव्हा मॅनिफोल्ड, गॅस्केट, मशीनचं काम आणि पाणी थंड ठेवायची सोय, सगळं धरून विचारा. ज्याचा माल आणि मिस्त्री जवळ मिळतो ते हेड घ्या. आणि रेघ दिसली तर तिला कार्बन म्हणू नका. तासभर थांबा.

पुढच्या भागात रेडिएटरचा इतिहास. तोपर्यंत नमस्कार. जय हिंद.