रायगडच्या किनाऱ्यावर जाताय? आता काय बदललंय आणि काय अजून तसंच आहे?

फ्योर्डचा देश म्हटलं की नॉर्वे डोळ्यांसमोर येतो. तिथे रस्ता पाण्यापाशी संपतो, गाडी बोटीत चढते आणि पलीकडे पुन्हा रस्ता सुरू होतो. रायगडच्या किनाऱ्याची गत थोडीफार तशीच आहे. नॉर्वेच्या दऱ्या हिमनद्यांनी कोरल्या, तर कोकणातल्या खाड्या म्हणजे समुद्र आत शिरलेली नद्यांची मुखं. धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि सावित्री या चार खाड्यांनी हा किनारा तोडला आहे. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारं गाव प्रत्यक्षात दोन तास लांब निघू शकतं.

गेल्या काही वर्षांत इथल्या प्रवासात बरेच बदल झाले. त्यातले काही खरोखर उपयोगाचे आहेत, तर काहींचा गाजावाजाच जास्त आहे.

अटल सेतूने अलिबाग किती जवळ आलं?

शिवडी ते चिर्ले हा सुमारे 21.8 किलोमीटरचा सागरी सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला. मोटारीसाठी एकेरी टोल तेव्हा 250 रुपये ठरला. ऑगस्ट 2025 पासून इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. दुचाकी आणि रिक्षांना सेतूवर प्रवेश नाही, हे दर पावसाळ्यात 'अलिबाग राइड' ठरवणाऱ्यांनी आधी लक्षात घ्यावं.

सेतूमुळे मुंबईतून बाहेर पडणं सोपं झालं, यात शंका नाही. पण त्यानंतर पेण आणि वडखळ हाच मार्ग उरतो. वडखळ नाक्यापासून अलिबागपर्यंतच्या रस्त्यावर शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी जी कोंडी होते, तिच्यावर सेतूचा इलाज नाही. करंजाहून थेट रेवसला नेणारा पूल झाला की खरा फरक पडेल. त्याची चर्चा अनेक दशकं चालली आणि आता कुठे काम सुरू झालंय. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचा तो एक भाग आहे. तोवर करंजा-रेवस हा टप्पा लाँचनेच पार करावा लागतो.

एसटीने जाणार असाल तर भाड्याचं पाहून ठेवा. जानेवारी 2025 मध्ये एसटीची भाडी 14.95 टक्क्यांनी वाढली. महिलांना निम्मं तिकीट (मार्च 2023 पासून) आणि 75 वर्षांपुढच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास या सवलती मिळतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे डिसेंबर 2025 मध्ये सुरू झालेलं नवी मुंबई विमानतळ. ते रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात आहे.

बोटीने जायचं तर?

मार्च 2020 मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा अनेकांच्या दृष्टीने सेतूपेक्षाही मोठा बदल ठरली. गाडीसकट साधारण तासाभरात मांडवा. सेतूवर मनाई असलेली दुचाकीही यात नेता येते.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटींचं गणित वेगळं आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून 31 ऑगस्टपर्यंत त्या बंद असतात. रो-रो मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते, पण समुद्र खवळला की तिच्याही फेऱ्या रद्द होतात. जुलै-ऑगस्टमध्ये परतीचा प्रवास केवळ बोटीच्या भरवशावर ठेवू नये.

18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली आणि अनेकांचा जीव गेला. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. उकडतंय, फोटो खराब येतो म्हणून ते काढून मांडीवर ठेवणारे आजही दिसतात. धडक झाल्यावर ते अंगावर चढवायला वेळ मिळत नाही.

किल्ले पाहायचे तर तिथी पाहा

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले. त्यात रायगड जिल्ह्यातले दोन आहेत: राजधानी रायगड आणि थळसमोरच्या समुद्रातला खांदेरी. जंजिरा आणि अलिबागचा कुलाबा या यादीत नाहीत, मेसेजमध्ये काहीही फिरत असलं तरी.

पावसाळ्यात जंजिरा बंद असतो. सप्टेंबर उजाडला म्हणजे किल्ला उघडलाच असं समजू नका. लाटा आणि आतली साफसफाई यावर ते ठरतं, म्हणून राजपुरीला चौकशी करूनच निघा. शिडाच्या होडीतून थेट दरवाजाच्या पायऱ्यांवर उतरावं लागतं. लाट असेल तर हे काम लहान मुलांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना अवघड जातं.

कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं आणि इथेच दरवर्षी माणसं अडकतात. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. द्वादशी असेल तर 12 गुणिले पाऊण म्हणजे 9. भरती साधारण नऊला, ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. किल्ला पाहायला हा दिवस चांगला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराच्या आसपास येते, म्हणजे भर दुपारी किल्ल्यापर्यंतची वाट पाण्याखाली. अष्टमीला ओहोटी बाराला येते खरी, पण तेव्हा भांगाचं पाणी असतं. ते पुरतं हटत नाही आणि घोडागाडी करावी लागू शकते.

हा अंदाज झाला. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा किनाऱ्यावर विचारून घ्यावी. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर आत रेंगाळू नका. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर हटतं, तसं ते परत येतानाही झपाट्याने येतं. रील पूर्ण करायला थांबलेली दहा मिनिटं अशा वेळी महागात पडतात.

मुरुडच्या पुढे

मुरुडहून दिवेआगर, श्रीवर्धनकडे जायचं तर आगरदांडा-दिघी फेरीबोट घ्यावी. ती चुकली की म्हसळामार्गे मोठा वळसा. गुगल मॅप कधी फेरी धरून वेळ दाखवतं, कधी वळसा धरून, त्यामुळे मॅपवरची वेळ पाहताना मार्ग कोणता दिसतोय तेही पाहा. फेरी रात्रभर चालत नाही. जेवण उरकून निवांत निघणाऱ्यांना म्हणूनच आगरदांड्याहून माघारी वळावं लागतं.

हरिहरेश्वरच्या खाली बागमांडला ते वेशवी अशी दुसरी फेरी सावित्रीची खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात नेते. इथल्या पुलाचं काम वर्षानुवर्षं रखडलंय, म्हणून गाडीवाल्यांसाठी बोट हाच जवळचा रस्ता. घारापुरीच्या लेण्या सोमवारी बंद असतात.