वेशीवरून दारापर्यंत

फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामातला. एका घराची आग शेजारी पसरू नये म्हणून उभारलेली भिंत. संगणकांच्या जगात मात्र ही भिंत आधी गावाच्या वेशीवर उभी राहिली. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने, म्हणजे जाळ्यावरून स्वतःच पसरणाऱ्या एका प्रोग्रामने, हजारो यंत्रे ठप्प केली आणि त्यानंतर संस्थेचे जाळे व बाहेरचे इंटरनेट यांच्यामध्ये पहारा बसवण्याची रीत रुळत गेली. वेशीच्या आत सगळे आपलेच, ही त्यामागची समजूत. माझ्या मते ती समजूतच घातक होती, आणि सर्व्हरच्या आतल्या फायरवॉलला तिची खरी जागा मिळाली ती या समजुतीची किंमत मोजल्यावरच.

पुरावा ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचा आहे. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर वर्म १४३४ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे संगणकाच्या एका क्रमांकित दारातून, पसरत होता. केंद्राच्या वेशीवरची फायरवॉल ते पोर्ट अडवत होती. पण एका कंत्राटदाराची जोडणी वेस चुकवून थेट आत गेलेली होती. वर्म त्या वाटेने आला आणि सुरक्षेची स्थिती दाखवणारी यंत्रणा जवळपास पाच तास बंद पडली. अणुभट्टी आधीपासून बंद होती, हे नशीब. तिथल्या सर्व्हरला स्वतःचे दार लावून घेता आले असते, तर आडवाटेने आलेला वर्मही उंबऱ्यावरच थांबला असता. अंगभूत फायरवॉल नेमके हेच करते: आलेले पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, कोणाकडून, कोणत्या पोर्टसाठी आणि आपणच सुरू केलेल्या संवादाचे उत्तर म्हणून आले आहे का, हे पाहते. नियमात न बसणारे पॅकेट आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही.

आक्षेप असा, की वेबसाइटसाठी ४४३ पोर्ट उघडे ठेवावेच लागते. त्यातून आलेला हल्ला किंवा चोरलेला पासवर्ड ही भिंत ओळखत नाही. खरे आहे. पण १४३४ बाहेरच्या कोणालाही लागत नव्हते, तरी ते जगभर उघडे होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मार्च २००४ मध्ये विटी वर्म फायरवॉलमधल्याच दोषातून शिरला. मात्र तो दोष संदेशाचा मजकूर तपासणाऱ्या भागात होता. पत्ता आणि पोर्ट पाहणाऱ्या साध्या नियमांत नव्हे.

भिंत असणे आणि ती चालू असणे यांतही अंतर होते. विंडोज एक्सपीत फायरवॉल २००१ पासून होती, पण बहुधा बंद. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म पसरल्यावर पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू केली. विंडोज सर्व्हरमध्ये ती पहिल्यापासून चालू मिळू लागली २००८ च्या आवृत्तीत. मॉरिस वर्मला तोवर वीस वर्षे होत आली होती.