घराचे वासे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडचे वडीलधारे सांगत आले. सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे असतो तो पैशाचा हिशोब. चुना, विटा, लाकूड आणि गवंड्याची मजुरी यांत माणूस कसा भरडून निघतो, ते या म्हणीत आहे. पण म्हण अर्ध्यावर थांबते. गवंडी-सुतार आपापली हत्यारे उचलून निघून गेले, वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, आणि घरची माणसे त्या चुन्याचा वास येणाऱ्या रिकाम्या खोल्यांत एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली, म्हणजे खरे काम सुरू होते. देव कुठे ठेवायचे? उतरंड कुठे रचायची? जाते कुठे बसवायचे? आजीची खाट कोणत्या खिडकीशी टाकायची? आपल्या भाषेने या दोन कामांना दोन वेगळी नावे दिली आहेत. एक घर बांधणे, आणि दुसरे घर मांडणे. बांधणाऱ्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. मांडणाऱ्यांचा फारसा लिहिला जात नाही. कारण सारवलेली भिंत पुढच्या पावसापर्यंतच टिकते आणि उंबऱ्यावरची रांगोळी संध्याकाळपर्यंत.

तरीही हा इतिहास शोधायचा म्हटले तर जुन्नर आणि आंबेगाव यांच्याइतका सोयीचा मुलूख दुसरा नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे हे दोन शेजारी तालुके. कुकडी, मीना आणि घोड या नद्यांचे. पश्चिमेला सह्याद्रीची भिंत, तिथे पाऊस कोसळतो. पूर्वेला उतरत गेले की तोच पाऊस थेंबाथेंबाने मोजावा लागतो. या मुलखात माणसांनी पहिल्यांदा घर मांडल्याच्या खुणा दोन हजार वर्षांच्या जुन्या आहेत आणि अगदी अलीकडच्याही आहेत.

जुन्या खुणा अर्थातच लेण्यांत. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा लेणी मिळून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक खोदकामे आहेत. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरातला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई, आणि त्या व्यापारावर हे नगर पोसले गेले. आपण लेण्यांत जातो ते मूर्ती पाहायला. पण यांतली बहुतेक लेणी ही राहण्याची घरे होती. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी भटकू नये, एका ठिकाणी राहावे, असा नियम होता. त्या वर्षावासासाठी ही घरे खोदली. लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात, जिथे आज गिरिजात्मज गणपती आहे, मध्ये एकही खांब नसलेला प्रशस्त मंडप आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना मिळून २० खोल्या होत्या. पायऱ्या चढून दमलेले भाविक दर्शन घेऊन तिथे टेकतात, तेव्हा आपण एका मोठ्या बिऱ्हाडाच्या माजघरात बसलो आहोत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

आता गंमत पाहा. डोंगर पोखरून केलेल्या घराला वासे लागत नाहीत. वर छप्परच नाही, तर वासे कशाला? डोंगरच छप्पर आहे. पण शेजारच्या सहाव्या लेण्यातल्या चैत्यात मान वर करून पाहिले, तर गोल छताला एकापुढे एक अशा कमानदार तुळया दिसतात आणि त्या साऱ्या दगडात कोरलेल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यात खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या होत्या. इथे कारागिराने दगडालाच लाकूड केले. लेण्यांच्या दर्शनी भागांवर कठडे कोरले, कमानीच्या खिडक्या कोरल्या. यांतल्या एकाचाही घर उभे राहण्याला उपयोग नाही. तरी हातोडीचे हजारो घाव त्यांवर खर्च झाले. शिवनेरीच्या डोंगरातल्या सपाट छताच्या चैत्यात तर छतावर चौकटी आखून त्यांत एकात एक वर्तुळे रंगवली होती.

हे सारे कशासाठी? विद्वान सांगतात की, लाकडी बांधकामाची सवय असलेल्या कारागिरांनी दगडात त्याचीच नक्कल केली. ते खरेच आहे. पण सवय म्हणजे तरी काय? घर असे दिसते, ही लहानपणापासून मनात बसलेली ओळख. बांबू वाकवून केलेली कमान, वर वाशांची रांग, पुढे कठडा असे ज्याने गावात पाहिले, त्याला नुसती पोकळी ही गुहा वाटणार. तिच्यात वासे दिसले, की ती घर होते. मागच्या घराची आठवण नव्या घरात आणून ठेवायची, हा घर मांडण्याचा पहिला नियम, आणि तो जुन्नरच्या पाथरवटांनी दगडावर लिहून ठेवला आहे.

दुसरा नियम शिलालेखांत आहे. लेण्याद्रीचा हा चैत्य कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिला. शिवनेरीवरचा चैत्य वीरसेनक नावाच्या ‘गहपती’चा, म्हणजे गृहपतीचा, घरवाल्या माणसाचा, आणि तो त्याने सर्व लोकांच्या हितासुखासाठी दिला असे तिथे कोरले आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिले. बुरूड आणि कासार यांच्या श्रेणींचीही नावे लेखांत येतात. इतकेच काय, यवन म्हणवणारे परदेशी लोकही या दात्यांत आहेत. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला, इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी पोढी आणि मंडप करविला. घर एकट्याचे असत नाही, ते दहा हातांनी भरते, हा तो दुसरा नियम. आजही नव्या घरी कोणी तांब्या देतो, कोणी घड्याळ देतो, माहेरून समई येते. त्या काळी कोणी जेवणघर देई, कोणी पाण्याचे टाके. आणि या यादीत पाण्याची टाकी किती पुन्हा पुन्हा येतात, तेही ध्यानात ठेवावे. डोंगरात घर करणाऱ्याने आधी पाण्याची वाट ठरवली पाहिजे, हे त्या जुन्या लोकांना पक्के ठाऊक होते. डोंगरावरून येणारे पाणी ते चरांनी वळवीत आणि टाक्यांत साठवीत. ही गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे.

इथल्या पावसाचे वर्णन एका परदेशी माणसाने केले आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी अमदानीत, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन जुन्नरला आला आणि ऐन पावसाळ्यात इथे अडकून पडला. रात्रंदिवस पाऊस आणि जिकडेतिकडे चिखल, हीच जुन्नरची त्याला मुख्यतः आठवण राहिली. त्याचा घोडा इथल्या सुभेदाराने, असदखानाने, काढून घेतला आणि पुढे मोठ्या खटपटीने परत मिळाला. आपल्याच गावचा पाऊस पाहुण्याच्या तोंडून ऐकला म्हणजे हसू येते. पण या पावसातच आमच्या लोकांनी घरे केली.

ती कशी केली? पश्चिमेकडच्या महादेव कोळी वाड्यांवरचे जुने घर पाहावे. मेढी रोवायच्या, वर आढे टाकायचे, दोन्ही पाखांना वासे सोडायचे. भिंती कुडाच्या. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या काठ्या जवळजवळ उभ्या करून बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा. वर पेंढा किंवा नळीची कौले. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर हळूहळू मंगलोरी कौले या भागातही आली आणि घरावर मंगलोरी कौल असणे ही ऐपतीची खूण झाली. घरातली मांडणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच. दारालगत ओटी, बाजूला गुरांची जागा, आत चूल, चुलीच्या आसपास भाताची कणगी आणि मडक्यांची उतरंड, भिंतीत दिव्यापुरता कोनाडा. सजावट म्हणाल तर पांढऱ्या मातीचा पोतेरा, गेरूचा पट्टा, आणि मंगल कार्याच्या वेळी भिंतीवर उमटवलेले हात. बाजारातली एक वस्तू नाही. पण दिवाळीच्या आधी हे घर सारवून घेतले आणि वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य दाखवून झाला, की कोनाड्यातल्या एका पणतीने ते असे उजळे की पाहत राहावे.

अशी घरे ज्या खोऱ्यात होती, त्यांतले एक घोड नदीचे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात डिंभे गावाजवळ घोडनदीवर धरण बांधले गेले. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारा बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. नाव योग्यच दिले. पण त्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांत खुद्द आंबेगाव होते. तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेऱ्या घोडेगावात, आणि ज्या गावावरून नाव पडले ते जलाशयाच्या तळाशी! पूर्वेकडच्या शेतांना पाणी मिळाले, ऊस आला, बागा आल्या. आणि ज्यांच्या अंगणावरून ते पाणी गेले त्यांतली कित्येक कुटुंबे पाण्याच्या कडेने डोंगरावर सरकली आणि तिथे पुन्हा मेढी रोवून बसली. उन्हाळ्यात पाणी आटले की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात. ‘घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात’ असे आपण म्हणतो. इथे वासे फिरले नाहीत. माणसांनी जमेल तेवढे लाकूड खांद्यावर घेतले आणि तेच वासे वरच्या घराला लावले. लेण्याद्रीच्या पाथरवटाने केले त्याहून हे निराळे नव्हे.

या खोऱ्यातली सर्वांत अलीकडची गोष्ट सांगताना मन जड होते, पण सणाच्या दिवशीही ती सांगितली पाहिजे, कारण तिचा शेवट घराशीच होतो. ३० जुलै २०१४. सतत पाऊस चालू होता. सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगराचा कडा घसरला. एस. टी.च्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना, आणि त्याने खबर दिली. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली, १५१ माणसे गेली. गावातली शाळा तेवढी उभी राहिली. कामाला वा शिक्षणाला बाहेर असलेली माणसे परत आली, तेव्हा उंबरा कुठे होता हेही सांगता येईना.

वाचलेल्यांनी त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे पत्र्याच्या निवाऱ्यांत काढली. जवळच आमडे गावच्या हद्दीत नवे गावठाण आखले गेले. तिथे सिमेंट-काँक्रीटची जवळजवळ ७० घरे झाली. शाळा झाली, रस्ते झाले. २ एप्रिल २०१७ रोजी घरांच्या किल्ल्या कुटुंबांच्या हाती पडल्या. आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, तशी नव्या गावठाणातली भराव घातलेली माती वाहिली, रस्ते खचले, काही ठिकाणी भेगा गेल्या. माणसे पुन्हा डोंगराकडे पाहू लागली. मागाहून दुरुस्त्या झाल्या. पण त्या रात्री नव्या घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागला असेल? पाण्याची वाट आधी ठरवावी, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या टाकेवाल्यांचे शहाणपण विसरून चालत नाही, ते असे.

इथे घर बांधणे आणि घर मांडणे यांतले अंतर लख्ख दिसते. भिंती सरकार देऊ शकते, दाते देऊ शकतात, आणि त्यांनी त्या दिल्या ही मोठीच गोष्ट आहे. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्या घरात आजी नाही, तिथे आजीची खाट कुठे टाकायची, हा प्रश्न कोणत्याही नकाशात सुटत नाही. जुन्या घरातून आणायला एक वासाही उरला नव्हता. मग मागच्या घराची आठवण नव्या घरात न्यायची कशी?

माझ्यासारख्या मास्तराला आणि गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला याचे एकच उत्तर सुचते. वस्तू नाहीशा झाल्या तरी कृती राहते. कोळणीच्या हाताला सारवण्याचे वळण असते. उंबऱ्यावर पाण्याचा शिडकावा कसा द्यायचा, पणती कोणत्या बाजूला ठेवायची, पहिला घास कोणाच्या नावाने काढायचा हे हात विसरत नाहीत. सिमेंटच्या पायरीवर शेणसडा बसत नाही, रांगोळी मात्र उमटते. माळीणला मृतांच्या नावांचा स्मृतिस्तंभ आहे. दगडावर नावे कोरण्याची या मुलखाची रीत जुनीच आहे. वीरसेनकाने आपले नाव कोरले ते दिल्याची नोंद राहावी म्हणून. इथे कोरली आहेत ती गमावल्याची नोंद राहावी म्हणून. दोन्ही लेख घराचेच आहेत.

जुन्नर-आंबेगावच्या वाटेने कधी आलात तर लेण्याद्रीला जरूर जा. गणपतीचे दर्शन घ्या आणि मग शेजारच्या चैत्यात जाऊन क्षणभर वर पाहा. कशाचाही भार न उचलणारे ते दगडी वासे उगाच कोरलेले नाहीत. ते छताला आधार देत नाहीत, राहणाऱ्याला देतात. यंदाच्या दिवाळीत ज्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या घराचे दार उघडले असेल, त्यांनी नवे पडदे लावावेत, नवा रंग द्यावा, हौसेने सारे करावे. फक्त एखादी जुनी वस्तू, आईचा तांब्या म्हणा, आजोबांची काठी म्हणा, दर्शनी जागी ठेवावी. आणि तीही नसेल, तर ज्या हाताने आई पणती लावी त्याच रीतीने एक पणती उंबऱ्याशी लावावी. तेवढ्याने चार भिंतींवर वासे चढतात.