कायद्याच्या पहिल्या वर्षाची परीक्षा : कॉलेज सुरू होण्याआधीचा सराव

प्रवेश नक्की झाला की घरात पेढे वाटले जातात आणि कॉलेज उघडेपर्यंत मूल मोकळे असते. पलसाणा, कडोदरा, चलथाण या पट्ट्यातील आपल्या बऱ्याच घरांत वकिलीचे शिक्षण घेणारी ही पहिलीच पिढी आहे. वडील प्रोसेस हाउसमध्ये किंवा लूमवर, घरातले बोलणे मराठी नाहीतर अहिराणी, शाळा कधी मराठी, कधी गुजराती, कधी इंग्रजी माध्यमाची. पहिल्या सत्राच्या पेपरात नेमके काय विचारतात आणि कसे लिहावे लागते, हे सांगणारा काका-मामा अशा घरात नसतो. चार-पाच महिन्यांत परीक्षा समोर येते, एक-दोन विषय राहतात, आणि "आपल्याला हे जमणार नाही" असे घरात बोलले जाऊ लागते. बहुतेक वेळा मुलाची बुद्धी कमी पडलेली नसते, लिहिण्याचा सराव कमी पडलेला असतो. तो सराव सुट्टीत घरी बसून करता येतो आणि त्याला क्लासची फी लागत नाही.

प्रवेश परीक्षा वेगळी, कॉलेजची परीक्षा वेगळी

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट परीक्षा आता दोन तासांत १२० प्रश्नांची असते. उतारा वाचायचा, चार पर्यायांतून एक निवडायचा; बरोबर उत्तराला एक गुण, चुकले तर पाव गुण वजा. महाराष्ट्राची विधी सीईटीही पर्याय निवडण्याचीच. काही जण बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर प्रवेश घेतात. वाट कोणतीही असो, वर्ष-दीड वर्ष गोल रंगवणाऱ्या विद्यार्थ्याला सलग तीन पाने हाताने लिहिण्याची सवय राहिलेली नसते, आणि कॉलेजची परीक्षा तर सगळी लेखी.

तिथे साधारण तीन प्रकारचे प्रश्न येतात. एक, सविस्तर उत्तराचे : वैध कराराची आवश्यक तत्त्वे सांगा, वगैरे. दोन, टिपा. तीन, एखादी घटना देऊन कोण जिंकेल आणि का, असे विचारणारे. कोणत्या प्रकाराला किती गुण, हे विद्यापीठागणिक बदलते. पहिले दोन प्रकार पाठांतरावर कसेबसे निभतात. तिसऱ्यात पाठांतर उघडे पडते, म्हणून सुट्टीतला सराव तिसऱ्याचाच करावा. शिवाय घटनेवरचे उत्तर ज्याला लिहिता येते त्याची टीपही नेमकी होते.

पहिल्या वर्षाचे विषय तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सारखे नसतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला इंग्रजी, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र असेही विषय असतात. तरी करार आणि अपकृत्य, म्हणजे ज्याला सगळे टॉर्ट म्हणतात तो, हे विषय बहुतेक ठिकाणी लवकर येतात. हात या दोनवर बसवावा.

फोनवर ठरलेला सौदा

एक प्रश्न घेऊ. समजा, पलसाण्याच्या एका व्यापाऱ्याने जळगावच्या ऑइल मिलला फोन केला आणि शंभर पोती सरकी पेंड अमुक भावाने पाठवा म्हणून सांगितले. मिलमालक फोनवरच म्हणाला, "ठरलं." पुढे भाव चढले आणि माल आलाच नाही. व्यापाऱ्याला नुकसानभरपाईचा दावा सुरत जिल्ह्यातील न्यायालयात लावता येईल, की जळगावला हेलपाटे घालावे लागतील?

सराव नसलेला विद्यार्थी सुरुवात करतो ती "भारतीय करार कायदा १८७२ साली झाला" इथून. मग कराराची व्याख्या, मग कलम १०, मग सज्ञान पक्ष, मुक्त संमती, प्रतिफल. दोन पाने भरतात. शेवटच्या ओळीत "म्हणून व्यापाऱ्याला दावा लावता येईल." यातले काहीच खोटे नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकाच ओळीत आहे आणि त्या ओळीला कारण दिलेले नाही. गुण जातात ते तिथे.

आता दुसरी रीत. आधी मुद्दा : करार कोणत्या ठिकाणी झाला? मग नियम. पत्राने होणाऱ्या व्यवहारात स्वीकृतीचे पत्र टपालात पडले की प्रस्ताव देणारा बांधला जातो, त्यामुळे पत्र जिथे टाकले तिथे करार होतो. फोनचे तसे नाही. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली दोन विरुद्ध एक मतांनी ठरवले की फोनवरचा करार स्वीकृती जिथे ऐकू येते तिथे होतो. मग लागू करणे : इथे प्रस्ताव पलसाण्यातून गेला, "ठरलं" हा शब्द पलसाण्यात ऐकू आला, म्हणून करार पलसाण्यात झाला. दाव्याच्या कारणाचा भाग इथे घडला, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे तेवढे पुरते. शेवटी निष्कर्ष : दावा सुरत जिल्ह्यात चालेल. एक पान पुरे होते.

मुद्दा, नियम, लागू करणे, निष्कर्ष या क्रमाला कॉलेजात इंग्रजी आद्याक्षरांवरून आयरॅक म्हणतात. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. चौघांतले तिसरे, लागू करणे, सर्वांत जास्त जागा घेते आणि मुले नेमके तेच गाळतात.

या खटल्यावर थोडे अधिक सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण तो आपल्यासारख्यांचाच आहे. खरेदीदार अहमदाबादचा, माल देणारी जिनिंग फॅक्टरी खामगावची, आणि सौदा खरोखरच सरकी पेंडीचा. फोन झाला २२ जुलै १९५९ रोजी. तेव्हा अहमदाबाद आणि खामगाव ही दोन्ही गावे एकाच द्विभाषिक मुंबई राज्यात होती. निकाल लागेपर्यंत मध्ये राज्याची सीमा आलेली होती. तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले. कायद्याच्या कलम ४ चे शब्द जसे आहेत तसे वाचले तर स्वीकृती जिथे बोलली गेली तिथे, म्हणजे खामगावला करार झाला, असे त्यांचे म्हणणे. उत्तरात हे मतभेदाचे एक वाक्य आले की तपासणाऱ्याला कळते, या मुलाने खटला वाचला आहे.

आता त्याच प्रश्नातला एक तपशील बदला. फोन जळगावहून आला, प्रस्ताव तिकडून झाला आणि "ठरलं" पलसाण्याचा व्यापारी म्हणाला. तर स्वीकृती जळगावला ऐकू आली आणि करार तिकडे झाला. मग दावा इथे टिकवायचा तर माल कुठे पोचवायचा होता, पैसे कुठे द्यायचे होते, असे दुसरे काही शोधावे लागेल. एक तपशील बदलून तेच उत्तर पुन्हा लिहिणे, यापेक्षा चांगला सराव आम्हाला माहीत नाही.

प्रश्न आणायचे कुठून

गाइड विकत घेऊ नये. बेअर अॅक्ट, म्हणजे नुसता कायद्याचा मजकूर, इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. करार कायद्यात आणि भारतीय न्याय संहितेत बऱ्याच कलमांखाली छोटी उदाहरणे दिलेली आहेत. उदाहरणाचा निकाल कागदाने झाकावा, आपले उत्तर लिहावे, मग कागद काढून ताडून पाहावे. चोरीच्या कलमाखालचे एक उदाहरण तर गमतीचे आहे : दुसऱ्याचा कुत्रा आपल्या मागे यावा म्हणून एकजण खिशात खाऊ ठेवतो आणि कुत्रा मागे चालू लागतो. हेतू अप्रामाणिक असेल तर कुत्रा चालू लागला त्या क्षणीच चोरी झाली. का झाली, ते कलमातला एकेक शब्द धरून सहा-सात ओळींत लिहून पाहावे.

बाकीचे प्रश्न आपल्या आसपासच पडलेले आहेत. डाइंग मिलच्या टाकीतले रसायन फुटून शेजारच्या उसात गेले. मिल म्हणते, आमचा निष्काळजीपणा नव्हता, पूरच तसा आला. इथे १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला खटला नैसर्गिक आपत्तीचा बचाव मान्य करतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र डिसेंबर १९८६ मध्ये एम. सी. मेहता यांच्या ओलियम वायू गळतीच्या खटल्यात सांगितले की धोकादायक उद्योगाची जबाबदारी पूर्ण आहे, तिला असे अपवाद नाहीत. कोणता नियम लागू करायचा आणि का, एवढाच प्रश्न.

किंवा गावाकडची वडिलोपार्जित जमीन. वडील २००१ साली वारले, जमिनीची वाटणी झालेली नाही, आता बहीण आपला हिस्सा मागते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हक्क जन्माने येतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. हा प्रश्न घरात सोडवताना वातावरण जरा गरम होईल, त्याला इलाज नाही.

संविधानाचा विषय असेल तर आपल्यालाच पक्षकार करावे. गुजरातेत राहणाऱ्या मराठी भाषकांना अनुच्छेद ३० खाली स्वतःची शाळा काढण्याचा हक्क आहे का? देशात मराठी बोलणारे काही थोडे नाहीत. पण २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरवायचे म्हटले. पुढचे उत्तर विद्यार्थ्याने लिहावे.

जुनी पुस्तके सांभाळून

नात्यातल्या कोणी वकिलाने आपली पुस्तके दिली तर घ्यावीत, पण एक पाहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. खुनाची शिक्षा ३०२ नव्हे, १०३. फसवणुकीचे चारशे वीस आता ३१८ मध्ये. चोरीची व्याख्या ३७८ मधून ३०३ मध्ये गेली, आणि पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांपेक्षा कमी किमतीची वस्तू परत केली तर समाजसेवेची शिक्षा हे त्यात नवे आले. जुना आकडा पेपरात लिहिला तर तो चुकलाच. करार, अपकृत्य यांची जुनी पुस्तके मात्र सुरुवातीला चालतात. जुन्या खटल्यांतली तत्त्वेही टाकून देऊ नयेत, कारण व्याख्यांचे शब्द बरेचसे तेच आहेत.

तीन भाषांची कसरत

सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते, गुजरातेतील खालच्या न्यायालयांत गुजराती चालते, आणि आपला विद्यार्थी विचार करतो मराठीत. परीक्षेचे माध्यम कोणते घ्यायचे हे कॉलेजात चौकशी करून आधीच ठरवावे आणि सरावही त्याच भाषेत करावा. मराठीत लिहून मग उलथे करू, असे परीक्षेच्या खोलीत होत नाही.

वादी, प्रतिवादी, कलम, आरोपी, जामीन हे शब्द दोन्ही भाषांत सारखे असल्याने गुजराती सोपी वाटते. फसवतात ते वेगळे शब्द. आपल्या निकालाला गुजरातीत चुकादो, प्रतिज्ञापत्राला सोगंदनामुं, आणि करारातल्या प्रतिफलाला अवेज. शंभरेक शब्दांची तीन रकाने आखलेली वही करावी : इंग्रजी, गुजराती, मराठी. मराठी रकान्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे, तो इंटरनेटवर पाहता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या बऱ्याच निकालांचे मराठी आणि गुजराती अनुवादही न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. आधी मराठीतून वाचून मग इंग्रजी उघडले तर भीती निम्मी होते.

किती आणि कसे

दिवसाला एक प्रश्न, घड्याळ लावून पंचवीस मिनिटे, पेनाने. दुसऱ्या दिवशी आधी कालचे उत्तर वाचावे, नको ते खोडावे, मग नवा प्रश्न घ्यावा. सहा आठवड्यांत तीस उत्तरे सहज होतात. याहून जास्त करू नये. सगळा अभ्यासक्रम आधीच संपवून गेलेला मुलगा वर्गात लक्ष देत नाही, आणि प्राध्यापक ज्या खटल्यावर भर देतात तो नेमका त्याचा सुटतो.

तपासणार कोण, असा प्रश्न पालक विचारतात. उत्तर आईला वाचून दाखवावे. कायदा न शिकलेल्या आईला ऐकून कोण जिंकले आणि कशामुळे, हे सांगता आले तर मांडणी बरोबर आहे. तिला कळले नाही तर "कायद्याचं आहे, तुला नाही कळणार" असे म्हणू नये. उत्तर पुन्हा लिहावे.

एखादा दिवस अठवालाइन्सच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसावे. सुनावणी खुली असते, मागच्या बाकावर शांत बसलेल्याला सहसा कोणी उठवत नाही. फोन मात्र बंद ठेवावा. तिथे पाहावे ते हे की वकील कायद्याची प्रस्तावना सांगत बसत नाहीत, तारीख, कागद आणि कलम यावर येतात.

कॉलेज सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयातून मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स करून आणाव्यात, आणि त्यातला घटनेवरचा एक प्रश्न त्याच रात्री सोडवून सुट्टीतल्या वहीतल्या पहिल्या उत्तराशेजारी ठेवावा.