भिजवलेले जवस, भाजलेले जवस

पश्चिम महाराष्ट्राची अळशी म्हणजेच विदर्भाचे जवस. संस्कृतात अतसी, उमा, क्षुमा. क्षुमेच्या धाग्याचे वस्त्र ते क्षौम. कौटिलीय अर्थशास्त्र अतसीच्या बियांतून सहावा हिस्सा तेल निघते, असे प्रमाण देते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. लवकरच क्रिमियाच्या युद्धाने रशियन जवसाची ब्रिटनमधील आवक खुंटली आणि हिंदुस्थानी जवसाला मागणी वाढली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. वऱ्हाड-नागपूरचे जवस रंग, व्हार्निश आणि पुढे लिनोलियमसाठी मुंबई बंदरातून परदेशी जाऊ लागले. रिसोडसारख्या गावात घरी उरे ते तेलाला आणि चटणीला.

ही चटणी भाजलेल्या जवसाची: लसूण, तिखट, मीठ घालून कुटलेली. मोड आणलेल्या जवसाला आज ‘प्राचीन परंपरा’ म्हटले जाते. वऱ्हाडी स्वयंपाकाचा विचार करता हा दावा सैलच. मटकीसारखे जवस फडक्यात बांधता येत नाही. पाणी लागताच बी बुळबुळीत होते, गोळा बनतो आणि आतून कुजतो. मोड हवेच असतील, तर ओलसर मातीच्या ताटलीत विरळ पसरून वरून पाणी शिंपडावे लागते. याच बुळबुळीतपणाचा उपयोग जुन्या घरांनी गळवावरच्या पोटिसासाठी केला. शिवाय कच्च्या जवसात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात. भाजण्याने ती घटतात.

आज रिसोडच्या शिवारात सोयाबीन पसरले आहे. चटणीपुरते जवसही अनेक घरांत आता दुकानातून येते.