परक्या नावावरील जमीन : ट्रान्सवालमधील हिंदी लोकांची स्थावर खरेदी आणि कायदा (१८८५-१९२०)

प्रास्ताविक :
३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्धेजवळील सेगाव येथे वास्तव्यास आले. १९४० मध्ये या गावाचे सेवाग्राम असे नामकरण झाले. आश्रमासाठी जमनालाल बजाज यांनी आपली जमीन उपलब्ध करून दिली. जमिनीवर वास्तव्य करावे, परंतु मालकी आपल्या नावावर नसावी, हा अनुभव गांधीजींना नवा नव्हता. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी तो एक वकील म्हणूनही घेतला होता. परक्या देशात स्थावर मालमत्ता घेताना हिंदी लोकांना कोणत्या कायदेशीर मार्गांचा अवलंब करावा लागला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नाताळ व ट्रान्सवाल : दोन भिन्न कायदे
१९०४ मध्ये गांधीजींनी नाताळ वसाहतीत डर्बनजवळ फिनिक्स येथे प्रथम २० एकर व नंतर लगतची ८० एकर जमीन घेतली. एकूण किंमत १००० पौंड होती. नाताळमध्ये हिंदी माणसास जमिनीचा मालक होण्यास त्या काळी कायद्याची आडकाठी नव्हती. पुढे १९१२ मध्ये विश्वस्तपत्र करून गांधीजींनी या जमिनीवरील वैयक्तिक मालकी सोडली.

ट्रान्सवालमधील स्थिती याहून वेगळी होती. तेथील १८८५ च्या कायदा क्रमांक ३ ने आशियाई लोकांना स्थावराची मालकी नाकारली. १८८६ मधील दुरुस्तीनुसार केवळ सरकारने नेमून दिलेल्या वस्त्या व रस्त्यांपुरती सवलत मिळाली. तेथील रोमन-डच कायद्यात विक्रीचा करार व किंमत यांमुळे मालकी सिद्ध होत नसे. नोंदणी कार्यालयात हस्तांतरणाची नोंद होणे अनिवार्य होते. त्यामुळे हिंदी खरेदीदाराची वाट नेमकी नोंदणीच्या टप्प्यावर अडत असे.

विश्वस्ताचा मार्ग :
यावर व्यापाऱ्यांनी शोधलेला पहिला उपाय म्हणजे गोऱ्या परिचिताच्या नावे नोंदणी करणे. पैसा व ताबा हिंदी व्यापाऱ्याचा, नाव मात्र दुसऱ्याचे. नोंदणीकृत मालक दिवाळखोर झाला तर काय, हा प्रश्न १९०५ च्या ल्यूकस खटल्यात ट्रान्सवालच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने हिंदी व्यापाऱ्यांचा हक्क मान्य केल्याने या मार्गास मोठा आधार लाभला. तरीही दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहणे टळले नाही.

१९१० मध्ये सत्याग्रही कुटुंबांसाठी जोहान्सबर्गजवळ उभे राहिलेले टॉल्स्टॉय फार्म हे परावलंबित्वाचे उदात्त उदाहरण होय. सुमारे ११०० एकरांचे हे शेत वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांनी स्वतः खरेदी केले आणि सत्याग्रहींना विनामोबदला वापरावयास दिले. येथे मैत्री हीच हमी होती. परंतु प्रत्येक दुकानदारास कॅलनबाख लाभणे शक्य नव्हते.

कंपनीचा मार्ग :
१९०९ च्या ट्रान्सवाल कंपनी कायद्यानंतर दुसरा मार्ग खुला झाला. हिंदी व्यापारी खाजगी कंपनी स्थापन करून तिच्या नावे जमीन घेऊ लागले. क्रूगर्सडॉर्प नगरपालिकेने दादू लिमिटेड या कंपनीच्या खरेदीस आव्हान दिले. कंपनीच्या १५० भागांपैकी १४९ भाग एकाच हिंदी व्यापाऱ्याकडे होते. १९२० मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की कंपनी ही तिच्या भागधारकांहून भिन्न कायदेशीर व्यक्ती आहे. सबब तिची खरेदी हा कायदेभंग नव्हे. हा निर्णय कंपनी कायद्याच्या अभ्यासात आजही महत्त्वाचा मानला जातो. मात्र तत्पूर्वीच १९१९ च्या अधिनियम ३७ द्वारे विधिमंडळाने अशा कंपन्यांच्या पुढील खरेदीवर बंदी घातली होती. न्यायालयात जिंकलेली वाट विधिमंडळाने आधीच बंद केली होती. पुढे १९४६ चा आशियाई भूधारणा कायदा व १९५० चा समूह क्षेत्र कायदा यांनी ही बंधने अधिक कठोर केली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, परदेशातील स्थावर खरेदीत किंमत देण्याच्या क्षमतेपेक्षा नोंदवहीत नाव लागण्याचा अधिकार निर्णायक असतो. विश्वस्त व कंपनी हे दोन्ही मार्ग कायदेशीर होते. परंतु पहिला व्यक्तीच्या सचोटीवर, तर दुसरा विधिमंडळाच्या मर्जीवर अवलंबून होता. मताधिकार नसलेल्या समाजास या मर्जीवर कोणताही अंकुश ठेवता येत नव्हता. म्हणून ट्रान्सवालमधील मालमत्तेचा प्रश्न अखेरीस नागरिकत्वाचा प्रश्न ठरतो.

आज भारतीय रहिवाशास परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ व २०२२ च्या विदेश गुंतवणूक नियमांच्या चौकटीत परदेशात घर घेता येते. उदारीकृत विप्रेषण योजनेअंतर्गत एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. तथापि, मायदेशाची परवानगी हा प्रक्रियेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग यजमान देशाच्या कायद्यात असतो, आणि तो बदलण्याचा अधिकार खरेदीदाराकडे नसतो. सेवाग्रामच्या भूमीत या इतिहासाचे वाचन करताना हे भान ठेवणे अगत्याचे वाटते.